किल्ली कोणाकडे आहे?

गेल्या महिन्यात मी एका ओळीत सहज लिहून गेले की चित्रकाराला रंगांच्या आधी जागा लागते, आणि त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळी दुसरा विषयच नको म्हणलं. कुणाला घरात कोपरा मिळत नाहीये, कुणी मित्रांबरोबर खोली घेतली आणि आता खोली आहे पण मित्र राहिले नाहीत, कुणी सगळ्यांसाठी जागा उघडलीये तर तिकडे कुणी फिरकत नाही. एक पत्र वाचून मी दोन दिवस गप्पच होते, ते मधे येईलच. पत्रं छोटी केलीयेत आणि नावं काढलीयेत.

प्रश्न : ताई, मी नोकरी करून चित्रं काढते, म्हणजे काढायचे. घरात वेगळी खोली नाही. जेवणाच्या टेबलावर सगळं मांडायचं आणि तासाभरात आवरायचं, यात जीव जातो. स्टुडिओ झाला की नीट सुरुवात करीन असं ठरवलंय, पण स्टुडिओ कधी होणार तेच माहीत नाही.

उत्तर : स्टुडिओ झाला की सुरुवात, हे वाक्य मी स्वतः सात वर्षं म्हणत होते त्यामुळे तुला ओरडायचा हक्क मला आहे. मोरांदी माहितीये ना, तो बाटल्या आणि भांडी रंगवणारा इटालियन चित्रकार. तो बोलोन्यात तीन बहिणींबरोबर राहायचा आणि झोपायच्या खोलीतच चित्रं काढायचा, पलंग तिथेच आणि ईझल, म्हणजे चित्र टेकवायचा स्टँड, पण तिथेच, वर नोकरी होतीच, १९३० पासून १९५६ पर्यंत तो तिथल्या कला अकादमीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरून छापायची चित्रं, शिकवत होता. आता त्याच्याकडे जागा नव्हती म्हणून त्यानं छोटी चित्रं काढली की त्याला छोटीच काढायची होती हे मला नाही सांगता येणार, पण एक गोष्ट बघ. त्याच्या टेबलावर जो कागद अंथरलेला असायचा त्यावर पेन्सिलीनं खुणा केलेल्या आहेत, कुठली बाटली कुठे उभी होती त्याच्या. म्हणजे मांडणी हलली तरी परत जशीच्या तशी उभी करता यायची. मला वाटतं तुझं उत्तर त्या खुणांमधेच आहे.

तुला खोली नकोय गं, तुला न आवरलेलं टेबल हवंय. फरक मोठा आहे. मांडायला वीस मिनिटं आणि आवरायला वीस मिनिटं लागणार असतील तर दमून घरी आल्यावर कुणीही मांडणार नाही. मी काय केलं सांगते, एक जुनी पाट्यांची शेल्फ होती, तिला खाली चाकं लावली, वरच्या फळीवर पॅलेट, मधल्या फळीवर रंग आणि ब्रश, खाली पाण्याचा डबा आणि फडकी. ओढली की दुकान चालू, ढकलली की बंद. कॅनव्हास भिंतीवर दोन खिळ्यांवर टेकवलेला, तो कधीच उतरवायचा नाही, घरचे बघतील पाहुणे बघतील बघू देत. अर्धवट चित्र सारखं डोळ्यासमोर असलं ना की येता जाता हात आपोआप तिकडे जातो. अ‍ॅक्रिलिक वापरत असशील तर पॅलेटवर ओला स्पंज आणि वर झाकण, रंग दोन दिवस मऊ राहतात. ऑइल, म्हणजे तैलरंग, असेल तर मात्र ते पातळ करायचं टर्पेंटाइन झोपायच्या खोलीत आणू नकोस, जवसाच्या तेलात काम कर आणि ब्रश आधी फडक्यानं पुसून मग साबणानं धू.

एवढं करूनही वर्षभरानं तुला माणसं लागतील. चित्र कुणीतरी बघावं, त्यानं नाक मुरडावं, असं वाटायला लागेल. तेव्हा पुढचं पत्र वाच.

प्रश्न : आम्ही चौघांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली. कॉलेजपासूनचे मित्र. पहिले दोन महिने स्वर्ग होता. आता एकाला वास सहन होत नाही, एक पैसे वेळेवर देत नाही, एक रात्रभर गाणी लावतो आणि चौथा मी, मी सगळ्यांची भांडणं मिटवतो. नियम केले तर मजा जाईल असं सगळे म्हणतात. काय करू?

उत्तर : मजा तर तुमची ऑलरेडी गेलीये, नियम करायला आता कशाला घाबरताय.

या बाबतीतली जगातली सगळ्यात प्रसिद्ध फजिती तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते. १८८८ मधे व्हॅन गॉगनं आर्लमधे ते पिवळं घर भाड्यानं घेतलं. त्याच्या डोक्यात तिथे चित्रकारांची अख्खी वसाहत होती, सगळे येतील, एकत्र राहतील, एकत्र काम करतील. माणूस एवढा आशेवर होता की त्यानं १२ खुर्च्या विकत घेतल्या. बारा! आला एकटा गोगँ, तो फ्रेंच चित्रकार, तोही ऑक्टोबरच्या शेवटी आणि तोही व्हॅन गॉगच्या भावानं थिओनं गोगँच्या चित्रांच्या बदल्यात महिन्याला पैसे द्यायचं कबूल केलं म्हणून. नऊ आठवड्यांत सगळं संपलं, डिसेंबरमधे व्हॅन गॉगनं स्वतःचा कान कापला तो प्रकार झाला आणि गोगँ निघून गेला. मला त्या कानापेक्षा त्या खुर्च्यांचंच जास्त वाईट वाटतं, खरं सांगते.

पण त्या नऊ आठवड्यांत एक शहाणपणाची गोष्ट झाली होती, ती कुणी सांगत नाही. गोगँनं नंतर लिहून ठेवलंय की त्यानं आल्या आल्या घरात पैशांची पेटी ठेवली, कशाला किती ते वाटून, तंबाखूला इतके, भाड्याला आणि वरखर्चाला इतके, आणि पेटीवर कागद आणि पेन्सिल, ज्यानं जे उचललं ते त्यानं इमानदारीत लिहायचं. बस. दोन भणंग चित्रकारांचं घर त्या कागद पेन्सिलीवर चाललं. बिघडलं ते दुसऱ्या कारणांनी, हिशोबामुळे नाही. तर तुम्ही पहिलं काम हे करा, दाराच्या आत एक वही दोरीनं बांधून ठेवा. ग्रुपवरचा हिशोब नको, ग्रुपवर वर स्क्रोल करून कोण बघतो. वही दिसते आणि दिसते म्हणून लाज वाटते.

आता वासाचं. ही चैनीची तक्रार नाही हो, त्या मित्राला खरंच त्रास होत असणार. टर्पेंटाइनची वाफ बंद खोलीत डोकं धरायला लावते, आणि ज्याला दमा असेल त्याचं तर विचारूच नका. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या नसतील तर एक्झॉस्ट पंखा बसवा, टर्पेंटाइनच्या बरण्यांना झाकणं लावा, उघडी बरणी दिसली की ज्याची असेल त्यानं त्या दिवशी फरशी पुसायची. नुसता वासाचाच नाही तर आगीचा पण विषय आहे. जवसाच्या तेलानं माखलेली फडकी चुरगळून ढीग करून टाकली की तेल वाळताना जी उष्णता तयार होते ती आतच कोंडते आणि फडकी आपोआप पेटू शकतात, काडी लागत नाही ठिणगी लागत नाही. मला हे पुस्तकी वाटायचं. मग एका संध्याकाळी आमच्या स्टुडिओच्या जागेत कोपऱ्यातल्या कागदाच्या खोक्यातून जळका वास यायला लागला, मी आधी वायरिंग तपासलं, मग खोक्यात हात घातला तर वरची फडकी गार आणि आतली हाताला चटका बसेल इतकी गरम. त्या दिवसापासून आमच्याकडे झाकणाचा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात पाणी, तेलाचं फडकं थेट त्यात. नाहीतर दोरीवर एकेक सुटं वाळत घालायचं. हा नियम मोडणाऱ्याला मी मैत्री वगैरे बघत नाही.

गाण्यांचं सोपं आहे, हेडफोन. पण एक सांगते, आवाज म्हणजे नेहमीच वाईट असं नाही. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती, तिथे एकाच आवारात हुसेन आणि गायतोंडे चित्रं काढत होते, अल्काझींच्या नाटकाच्या तालमी चालायच्या आणि रविशंकरांचे सतारीचे वर्ग पण. आणि गायतोंडे तर वर्षाला मोजकीच चित्रं करणारा, शांततेचा माणूस. तरी चाललं ना. माझा अंदाज असा की प्रत्येकाला आपापलं दार होतं म्हणून चाललं. तुमच्या एका खोलीत दार नाहीये, तर निदान वेळ वाटून घ्या, सकाळचा पहिला भाग पूर्ण शांत, रात्री ज्याला जे करायचं ते.

अजून तीन गोष्टी त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि चौघांनी सह्या करा. सोडून जायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. ओली चित्रं कुठे ठेवायची, कारण ऑइल हाताला न लागण्याइतकं वाळायला आठवडा दोन आठवडे सहज जातात, जाड असेल तर कितीही, आणि तेवढे दिवस ते चित्र भिंतीची जागा खातं, चौघांची आठ ओली चित्रं झाली की खोलीत माणसाला जागा नाही. उभ्या खाचांचा रॅक करा. आणि तिसरं, मोरी कोण धुतो. हसू नका. सामायिक स्टुडिओ मोरीपाशी मोडतात. अ‍ॅक्रिलिकचा जाड रंग सरळ मोरीत सोडला की पाइप तुंबतो, म्हणून ब्रश आधी पुसायचा, मग पहिल्या बादलीत खळबळायचा, मग दुसऱ्या, आणि मगच नळाखाली. पहिल्या बादलीचा गाळ रात्रभर बसू द्यायचा, तो कागदावर वाळवून कचऱ्यात.

आणि तुम्ही भांडणं मिटवणं बंद करा. वही करा आणि चित्र काढायला बसा.

प्रश्न : आमच्या वस्तीतली एक बंद पडलेली खोली आम्हाला वापरायला मिळाली. रंगवली, दिवे लावले, उद्घाटनाला खूप लोक आले. त्यानंतर दर आठवड्याला कमी कमी होत आता दोन मुलं येतात. लोकांना कलेची आवडच नाही का?

उत्तर : आवडीचा काही संबंध नाही. उद्घाटनाला आलेले लोक तुम्हाला भेटायला आले होते, खोलीत काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की "कुणीही कधीही या, हवं ते करा". मोठ्या माणसाला हे वाक्य फार भीतीदायक असतं हो. शाळेत कधीतरी कुणीतरी त्याला म्हणलेलं असतं की तुझा हत्ती डुकरासारखा दिसतो, तेव्हापासून त्यानं पेन्सिल धरलेली नाही, आणि तुम्ही त्याला कोरा कागद देऊन हवं ते कर म्हणताय.

"कधीही या" च्या जागी "मंगळवारी आणि शनिवारी सहा ते आठ" लिहा आणि मग पाऊस पडो की काही होवो, त्या वेळेला दार उघडं पाहिजे. कुणी नाही आलं तरी. मुख्य म्हणजे कुणी नाही आलं तरीच. एकदा येऊन कुलूप बघून गेलेला माणूस परत येत नाही, हे मी फार महागात शिकले.

आणि "हवं ते" च्या जागी एक ठरलेलं काम. आज फक्त आपापल्या चपला काढायच्या, म्हणजे चित्रात. आज फक्त काळा आणि पांढरा, पाच करडे रंग बनवून दाखवायचे. आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं टिकली ती करड्याच्या दिवशी, कारण करडा कुणाला चुकत नाही. एक लांब कागदाचा रोल टेबलभर अंथरा, सगळ्यांनी त्याच एका कागदावर, दर दहा मिनिटांनी एक खुर्ची सरकायचं, म्हणजे माझं चित्र तुझं चित्र हा प्रकारच राहत नाही आणि वाईट काढलं तरी कोणी काढलं ते कळत नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकेत मंदीच्या काळात सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टनं शंभराहून जास्त सामुदायिक कलाकेंद्रं सुरू केली, बेकार चित्रकारांना पगार देऊन तिथे शिकवायला बसवलं. ती भरायची कारण तिथे वर्ग होते, वेळापत्रक होतं आणि शिकवणाऱ्याला पगार होता. पगारावर लक्ष द्या. तुमच्या खोलीत सगळं फुकट आणि सगळे स्वयंसेवक, पहिल्या उत्साहात चालतं, मग ज्याची पाळी त्याच्या घरी लग्न निघतं. सगळ्यांना नाही देता येणार पैसे, पण दार उघडणाऱ्या एकाला तरी काहीतरी द्या. ती दोन मुलं येतायत ना, त्यांच्यापासून सुरू करा, त्यांना रंग काढायचं आणि मांडायचं काम द्या. मुलं आली की मागून त्यांचे आईवडील न्यायला येतात, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ब्रश देणं सोपं असतं.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी मी सगळ्यांसाठी एक स्टुडिओ सुरू केला. तो चालतोय, चांगला चालतोय. वर्ग, प्रदर्शनं, मुलं, सगळं. पण गेल्या दीड वर्षात मी एकही चित्र पूर्ण केलेलं नाही. लोक मला चित्रकार म्हणून ओळख करून देतात तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटतं. हे कुणाला सांगता पण येत नाही कारण बाहेरून सगळं छान आहे.

उत्तर : हेच ते पत्र.

ऑगस्टा सॅव्हेज नावाची शिल्पकार होती, न्यूयॉर्कमधे हार्लेमला. आधी स्वतःच्या स्टुडिओत मुलांना शिकवायची, मग १९३७ मधे हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर सुरू झालं त्याची पहिली डायरेक्टर झाली. जेकब लॉरेन्स हा पुढे फार मोठा झालेला चित्रकार, त्याला ती वर सांगितलेल्या सरकारी आर्ट प्रोजेक्टवर काम मिळवून द्यायला घेऊन गेली, वय कमी भरलं म्हणून त्यांनी परत पाठवलं. पोरगा विसरून गेला, ती नाही विसरली, वय भरल्यावर परत हाताला धरून घेऊन गेली. अशी बाई. मग तिला १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी शिल्प करायचं काम मिळालं. त्यासाठी तिनं केंद्रातून रजा घेतली. सोळा फुटी वीणा केली, हार्पच, जिच्या तारा म्हणजे गाणाऱ्या काळ्या मुलांची रांग. लोकांनी खूप पाहिली. प्लास्टरची होती, धातूत ओतायला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती, प्रदर्शन संपल्यावर ती तोडून टाकली. आणि सॅव्हेज परत आली तोवर केंद्रात तिच्या जागी दुसऱ्यांची नेमणूक झालेली होती.

मी ही गोष्ट घाबरवायला नाही सांगत. जिनं एवढ्या लोकांना जागा करून दिली तिच्या स्वतःच्या कामाला ठेवायला जागा नव्हती, हे मला वाचल्यापासून सोडत नाही. आपल्याकडे आरांचं बघा. के. एच. आरा, घरकाम करून आणि गाड्या पुसून चित्रकार झालेला माणूस, १९४७ मधे मुंबईत निघालेल्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या ग्रुपमधला. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी मुंबईचं आर्टिस्ट्स सेंटर सांभाळण्यात घातली, तरुण चित्रकारांना प्रदर्शनासाठी भिंती मिळवून दिल्या. त्यांच्याबरोबरचे रझा, सूझा परदेशी गेले. कोणाचं बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये. पॅरिसमधे आल्फ्रेड बूशे या शिल्पकारानं १९०० च्या जागतिक प्रदर्शनातला मोडलेला वाइन पॅव्हिलियन, म्हणजे वाइनचं दालन, आणून १९०२ मधे ला रूश उभं केलं, अगदी नाममात्र भाड्याचे स्टुडिओ. शागाल, सूतीन, लेजे असे पुढे गाजलेले चित्रकार तिथे राहून गेले आणि अजूनही तिथे कलाकार काम करतात. पण आज बूशेचं नाव निघतं ते त्याच्या शिल्पांमुळे कमी आणि त्या इमारतीमुळे जास्त. त्याला ते चाललं असेल का, काय माहीत. तुम्हाला चालणार नाहीये हे पत्रावरूनच कळतंय.

आता माझं. आमची जागा सुरू होऊन तिसरं वर्ष होतं, माझा एक अर्धवट कॅनव्हास ईझलवर होता, चार फुटी. एका शनिवारी वर्ग संपल्यावर बघते तर कुणीतरी त्याच्या कोपऱ्यावर ओला अ‍ॅप्रन अडकवलेला. आणि मी काय केलं, तर तो अ‍ॅप्रन पडू नये म्हणून नीट सरळ करून ठेवला. घरी जाताना अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की मला राग आलाच नाही. माझ्यासाठी पण ते खुंटीच झालं होतं. तेव्हा मी रडले होते, रस्त्यात.

त्यानंतर जे केलं ते असं. जागेच्या किल्ल्या तीन केल्या आणि आठवड्यातले दोन दिवस माझ्याकडे किल्ली नाहीच. फोन नाही, "जरा एक विचारायचं होतं" नाही. पहिला महिना भयंकर गेला, वीज बिल राहिलं, एक वर्ग बुडाला, एकांनी दुसऱ्यांच्या चित्रावर बादली सांडली. मी गेले नाही. जायला पाय शिवशिवत होते पण नाही गेले. दुसरं, माझं काम मी त्या जागेतून हलवलं. तुम्हाला वाटेल की स्वतःच्या स्टुडिओतून स्वतःच कशाला बाहेर पडायचं, पण तिथे तुम्ही चित्रकार नसताच, तिथे तुम्ही ती व्यक्ती असता जिला स्टेपलर कुठे आहे ते माहीत असतं. घरी भिंतीवर दोन खिळे, वरच्या पत्रात सांगितलेली चाकाची शेल्फ, ती तेव्हाचीच आहे.

आणि चित्र लगेच येणार नाही. दीड वर्षाचा गंज आहे. मी पहिले तीन महिने नुसती एक बाटली काढत होते, सगळी वाईट. मोठा कॅनव्हास लावून बसू नका, छोटे बोर्ड घ्या आणि ते कुणाला दाखवू नका, विशेषतः तुमच्या विद्यार्थ्यांना तर नकोच, ते छान म्हणतील.

तुम्ही खोटं बोलत नाही आहात. फक्त किल्ली जास्त दिवस एकाच हातात राहिलीये.

प्रश्न : चित्रं विकून अशी जागा चालवता येते का? खरं सांगा.

उत्तर : नुसती चित्रं विकून मी तरी चाललेली पाहिली नाही. चोलामंडलचं उदाहरण घ्या, १९६६ मधे के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मद्रासजवळ समुद्रकाठी कलाकारांचं गाव वसवलं, जमीन घेतली ती बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, आणि हस्तकलेच्या वस्तू विकून. दिवसाचा काही वेळ बाटिक, उरलेला वेळ स्वतःची चित्रं. बाटिकची लाज वाटू दिली नाही म्हणून गाव उभं राहिलं आणि अजून आहे. तुमचं बाटिक कुठलं ते शोधा. फ्रेमिंग असेल, मुलांचे वर्ग असतील, खोली तालमीला देणं असेल. पण ते चित्रातून वेगळं ठेवा, नाहीतर हळूहळू चित्रच गिऱ्हाइकाला आवडेल असं व्हायला लागतं आणि आपल्याला कळत पण नाही.

प्रश्न : स्टुडिओला उत्तरेचीच खिडकी पाहिजे का?

उत्तर : उत्तर गोलार्धात असाल तर बरी, कारण तिकडून थेट ऊन येत नाही आणि दिवसभर उजेड फारसा बदलत नाही, दक्षिण गोलार्धातले लोक दक्षिणेची शोधतात. पण नोकरीवाले लोक रात्री रंगवतात हो, त्यांना खिडकीचं काय. सगळे दिवे एकाच प्रकारचे घ्या, खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर आणि ४००० ते ५००० केल्विन (उजेड किती पिवळा किंवा पांढरा त्याचा आकडा) बघून. एक पिवळा आणि एक पांढरा दिवा लावून रंगवलं की सकाळी चित्रातला माणूस आजारी दिसतो.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या मोठ्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून म्युरल करायचंय. विषयावरून वाद चालू आहेत, कसे मिटवायचे?

उत्तर : वाद होऊ देत, भिंत सगळ्यांची आहे तर वाद होणारच. लॉस एंजेलिसला ज्युडी बाका या चित्रकर्तीनं एका काँक्रीटच्या पूरकालव्यावर जवळपास अर्ध्या मैलाचं म्युरल केलं, १९७६ मधे रंगवायला सुरुवात केली आणि कितीतरी उन्हाळे ते चाललं होतं, चारशेहून जास्त मुलं रंगवायला होती आणि त्यातली बरीचशी पोलिसांच्या नोंदीत गेलेली. त्यांनी आधी इतिहास वाचला, म्हाताऱ्या माणसांशी बोलले, मग चित्र. तुम्ही पण आधी गल्लीतल्या जुन्या लोकांना विचारा की इथे आधी काय होतं. वाद निम्मे होतील कारण निम्मे लोक सांगण्यातच रमतात.

त्याआधी मात्र भिंतीला हात लावून बघा. ओल असेल तर कितीही भारी रंग लावा, पोपडे येणार, आधी पाणी कुठून येतंय ते बंद करा, मग प्रायमर. आणि भिंतीच्या मालकाची परवानगी लेखी, तोंडी परवानगी मालक बदलला की पुसली जाते आणि बरोबर चित्र पण.

प्रश्न : आमच्या जागेत एक काका रोज येतात. काही काढत नाहीत, नुसते बसतात. बाकीचे म्हणतात त्यांना सांगा की जागा काम करणाऱ्यांसाठी आहे. मला जमत नाहीये सांगायला.

उत्तर : नका सांगू. आमच्याकडे पण होते असे एक, निवृत्त, खिडकीपाशी ठरलेल्या खुर्चीत बसायचे, कुणी कागद दिला तर नको म्हणायचे. पाच सहा महिने. एकदा मोरीत ब्रशांचा ढीग पडला होता आणि सगळे एकमेकांकडे बघत होते, तर हे उठले आणि एकेक ब्रश साबणानं चोळून, टोक करून, पुसून ठेवायला लागले, एकही शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी परत. आता तिसरी किल्ली त्यांच्याकडे असते आणि मंगळवारचं दार तेच उघडतात, मिनिट इकडे तिकडे होत नाही. चित्र अजून एकही काढलेलं नाही. ब्रश मात्र डब्यात उलटे ठेवतात, केस खाली करून, आम्ही सांगून सांगून दमलो.